इथून धुरा वाकडा दिसतो

मी काढलेलं पहिलं चित्र पाण्याच्या गिलासाचं होतं. ते पाहून शेजारच्या वैभवीने विचारलं, "काका, हे बांगडी हाये का?"

बांगडी नव्हती. गिलासच होता. मी टेबलाशी उभा राहून, मान खाली घालून, वरून पाहून काढला होता. वरून पाहिलं तर गिलास गोलच दिसतो, कोणीही करून पाहावं. बाहेरचा गोल जाड, आतला बारीक, दोघांचा मध्य एक, आणि कागदाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. बाण मी ठरवून काढला नव्हता. ज्याची सगळी नोकरी मोजणी खात्यात शेतांचे नकाशे काढण्यात गेली, त्याचा हात कागदावरून उठायच्या आधी एक बाण काढतोच, त्याला इलाज नाही.

"गिलासाले उत्तर दिशा कायले पाह्यजे?" वैभवी म्हणाली.

मी म्हटलं, "असलेली बरी."

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी कोणालाही छंद नसतो. मी चित्रकला निवडली ती अगदी व्यवहार पाहून. पेन्सिल धरायची सवय होती, खोडरबर घरात होतं, आणि रेष काढण्यात अख्ख्या मंगरूळपीरात माझा हात धरणारा कोणी नाही अशी माझी समजूत होती. ती समजूत जाईपर्यंतचा काळ मी फार सुखात होतो.

वैभवी अमरावतीहून चित्रकला शिकून आलेली, आता घरच्या ओसरीत मुलांचे वर्ग घेते. तिने मला व्हॉट्सॲपवरच्या 'हात चालू द्या' नावाच्या गटात घातलं. आम्ही शिकाऊंनी रोजचा सराव तिथे टाकायचा आणि जाणत्यांनी त्यातल्या चुका सांगायच्या, अशी पद्धत. जाणत्यांत मुख्य होते मदनसिंग सर, वाशीमचे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. ओळखत होतो ते त्यांच्या लाल रंगावरून. आपण टाकलेल्या चित्राच्या फोटोवर ते बोटाने लाल रेघा मारून परत पाठवत, आणि कुठे काय चुकलं ते त्या रेघांवरून समजून घ्यायचं. सुरुवातीला माझ्या चित्रांत माझ्यापेक्षा त्यांचंच काम जास्त दिसायचं.

पहिला सराव नुसत्या सरळ रेषांचा होता. मी पानभर काढून पाठवल्या. गटात केनवडची रंजीता म्हणून एक मुलगी आहे, तिने लगेच लिहिलं, "काका, स्केल वापरली ना?" वापरली होती. स्केल न लावता रेष ओढणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात कोणी मोजणीची साखळीसुद्धा धरू दिली नसती. मी स्केल बाजूला ठेवून पुन्हा काढल्या. रंजीताने लिहिलं, "आता रेष घाबरून राह्यली." मला राग आला. माझ्या रेषेवरून लोकांनी तारेची कुंपणं घातली आहेत, विहिरी इकडच्या तिकडे गेल्या आहेत, आणि आता ती घाबरते म्हणे. पण फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला तर रेष खरंच थरथरत होती. मला फार वाईट वाटलं, कारण ती माझीच होती.

आमच्या गल्लीत अशी गोष्ट लपून राहत नाही. समोरचे मुन्नाभाऊ, ज्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, ते मुद्दाम येऊन खुर्ची ओढून बसले. "साहेब, गिलास-बिलास कायले काढता? गनपती काढा. गनपती कसाही काढला तरी गनपतीच दिसते." पुढे त्यांनी असंही सांगितलं, की कागदावर कागद ठेवून खालून दिवा लावला की कोणतंही चित्र हुबेहूब येतं, आणि खरं तर त्यांच्या यंत्रात घातलं तर दिव्याचीही गरज नाही. चित्रकलेचा इतका सरळ विचार मी त्यानंतर कोणाकडून ऐकला नाही.

मी खोका काढला, तो चौकोन झाला. चूल काढली, ती घोड्याच्या नालेसारखी झाली. अंगणातली गाय काढली, तर पाठीचा कणा, दोन शिंगं आणि शेपूट एवढंच आलं, कारण वरून तेवढंच दिसतं. शेवटी मदनसिंग सरांनी लाल रेघा मारायचं सोडून आवाजी निरोप पाठवला. "साहेब, तुमचा डोळा आभाळात हाये. खाली या. कुठीतरी एका जाग्यावर बसा, अन् मंग काढा."

या वाक्याने मी आठवडाभर अस्वस्थ होतो. मोजणीवाल्याचा सगळा धर्म एवढाच, की तो कुठेच बसलेला नसतो. नकाशा पाहून कोणी विचारत नाही की काढणारा कोणत्या झाडाखाली उभा होता. दोन्ही बाजू चहा पाजतात, तो दोन्हीकडचा पितो, आणि कागदावर मात्र तो कुठेही नसतो. नोकरीत मला याचा अभिमान होता. आता कळत होतं, की एक साधा गिलास काढायचा तर टेबलाच्या कोणत्या बाजूला बसायचं हे आधी ठरवावं लागतं. नकाशाला जागा लागत नाही आणि चित्राला जागेशिवाय चालत नाही, एवढी गोष्ट कळायला मला साठी ओलांडावी लागली.

त्यानंतरचा धडा तर थेट माझ्या खात्यावरच उठला होता. सरांनी सांगितलं, दूर जाणाऱ्या दोन समांतर रेषा डोळ्यांना एका बिंदूत मिळताना दिसतात, तशाच काढायच्या. मी विचारलं, "म्हणजे शेताच्या दोन्ही बाजूचे धुरे पुढे जाऊन एकमेकांना मिळणार? मग त्या बिंदूतली जमीन कोणाची?" धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आमच्याकडे माणसं त्याच्यासाठी जन्मभर भांडतात, त्यामुळे प्रश्न अगदी वाजवी होता. सरांचं उत्तर आलं, "तिथं कोनीच कधी पोचत नाई, साहेब. बिनधास्त मिळवा."

सरावाला लांब धुरा हवा होता, आणि तो माझ्या सासुरवाडीला होता. रिठदला माझे दोन मेहुणे आहेत. थोरले उकंडराव, धाकटे जगदेव. सासऱ्यांच्या मागे दोघांनी शेताची तोंडी वाटणी केली. गाडरस्त्यावर, म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर, उभं राहून पूर्वेकडे पाहिलं तर उजव्या हाताला उकंडराव, डाव्या हाताला जगदेव, मध्ये धुरा. तो धुरा सरकला की नाही यावर दोघांचं बोलणं अनेक वर्षांपासून कमी होत होत आता म्हशीला हाकलण्याइतकं उरलं होतं. मी मोजणी खात्यातला जावई, पण मेहुण्यांच्या वादात मी कधी साखळी काढली नाही. एकाकडे जेवलो की दुसऱ्याकडे चहा घेतो, आणि दोघांकडे पावसाविषयी बोलतो.

दिवाळीच्या आधी आम्ही नवरा-बायको रिठदला गेलो. माझ्या बायकोला माहेरी आणि गल्लीत सगळे बेबीताई म्हणतात. ती घरात भावजयांशी बोलत बसली आणि मी वही घेऊन शेतात गेलो. सोयाबीन निघालेलं, तुरीच्या ओळी उभ्या. धुऱ्याच्या या टोकाला गाडरस्त्याशी एक लांबट दगड आहे. मी त्याच्या उजव्या कडेला बसलो, एक डोळा मिटला, आणि पाहतो तर सर म्हणाले होते तसं सगळं घडत होतं. तुरीच्या ओळी एकमेकींकडे झुकत झुकत लांब जाऊन मिळत होत्या. धुरा डावीकडून निघून तिरपा होत उकंडरावांच्या शेतात शिरत होता. मी आयुष्यभर हे धुरे तुडवले होते आणि एकदाही ते असे दिसले नव्हते. हात आपोआप चालला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि त्या आनंदाच्या भरात मी खाली 'मौजे रिठद' लिहिलं, वरच्या बाजूला उत्तरेचा बाण काढला आणि पूर्ण सही केली.

चित्र गटात टाकलं. सरांनी लाल रेघ मारून परत पाठवलं. माझ्या धुऱ्याच्या उजवीकडून, उकंडरावांच्या शेतात आणखी आत, एक ठळक लाल रेष. खाली लिहिलं होतं, "शाबास. धुरा अजून आत घ्या. उजवं शेत वर निमुळतं करा." सरांची ती पहिली शाबासकी. मी ती बेबीला दाखवली. तिलाही इतका आनंद झाला, की तिने ते चित्र लाल रेषेसकट, शाबासकीसकट आपल्या फोनच्या स्टेटसला लावलं आणि वर लिहिलं, 'आपल्या रिठदचं वावर. साहेबांनी काढलं.'

घरी परतल्यावर मी हातपाय धुऊन चहाला बसतो न बसतो तोच उकंडरावांचा फोन आला.

"भाऊजी, मोजनी कधी झाली? आमाले ना नोटीस ना काई."

"मोजणी नाही हो. चित्र आहे ते. जवळचं मोठं दिसतं, दूरचं लहान दिसतं."

"ते मले समजते. म्हैस दूर गेली म्हनून मी तिले शेळी म्हनत नाई. पन म्हशीच्या खाली सही कोन करते? अन् लाल रेघ कायची? वरून सारं जगदेवले देऊन टाकलं तुमी."

मी समजावत होतो तोवर दुसऱ्या फोनवर जगदेव होता. चित्रात रस्त्याकडचा सगळा भाग उकंडरावांच्या शेताने व्यापला होता आणि जगदेवचं शेत कागदाच्या कोपऱ्यात बाहेर पडत होतं. "भाऊजी, मी तुमाले कधी काई बोललो काय? मंग खालून सारं दादाले काहून देलं?"

एकाच चित्रात दोघांचीही जमीन गेली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे एकदाही साधलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तालुक्याच्या मोजणी कार्यालयातून फोन आला. तिथला अधिकारी तरुण, मला फार मान देणारा. "सर, तुमच्या एका नकाशावर दोन हरकती आल्या आहेत. दोन्ही भाऊ वेगवेगळे येऊन देऊन गेले. अडचण अशी आहे की तो नकाशा आमच्याकडे नाहीच." मी बसने गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, फोनवरचं चित्र मोठं करून पाहिलं आणि विचारलं, "सर, याचं प्रमाण काय?"

मी म्हटलं, "जवळ जास्त, दूर कमी."

त्याने सौजन्याने मान हलवली. "असं प्रमाण आपल्याकडे नाही, सर." मग जरा घुटमळला. "आणि, राग मानू नका, पण तुमचा बाण चुकला आहे. तुम्ही पूर्वेकडे तोंड करून बसला असणार. मग उत्तर डावीकडे येते. तुम्ही वर दाखवली."

मी कप खाली ठेवला. धुऱ्याचं भांडण लावलं हे मी एकवेळ पचवलं असतं. पण आयुष्यभर ज्या बाणावर भाकरी खाल्ली तो चुकावा, आणि तो चुकला हे नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलाने हळू आवाजात सांगावं, याला काय म्हणायचं? पलीकडच्या टेबलावरचा शिपाईसुद्धा मान खाली घालून हसत होता. मी कागद घेतला आणि सांगतील तो खुलासा लिहून दिला: 'सदर चित्र हा नकाशा नव्हे. त्यात दाखवलेला धुरा हा मला दिसला तसा असून, आहे तसा नाही.'

परतीच्या बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. दिसला तसा असून आहे तसा नाही. लिहिताना ती माघार वाटली होती. पण खिडकीतून पाहत बसलो आणि वाटलं, आजवर मी जे जे खात्रीने सांगत आलो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींखाली हा खुलासा जोडायला हरकत नव्हती.

आपल्यावर पक्षपाताचा आरोप आहे म्हटल्यावर तो मोजणीवाल्याच्या पद्धतीने निस्तरावा म्हणून मी आणखी एक शहाणपणा केला. पुन्हा रिठदला जाऊन त्याच दगडाच्या डाव्या कडेला बसून दुसरं चित्र काढलं, आणि न्याय समान राहावा म्हणून ते स्वतः दोघा मेहुण्यांना पाठवलं. या वेळी बाण नाही, सही नाही. पण आता धुरा जगदेवच्या शेतात शिरत होता. जगदेव म्हणाला, "म्हंजे दादानं तुमाले बोलावून बदलून घेतलं." उकंडराव म्हणाले, "म्हंजे पयलं चुकीचंच होतं ना? मंग सही कायले केली?" मी ते गटातही टाकलं होतं, तिथे मदनसिंग सरांनी लिहिलं, "दुसरं जास्त जमलं." हे दुसरं चित्र मात्र मी बेबीपासून लपवून ठेवलं.

लपवून उपयोग नव्हता. त्या संध्याकाळी दोन्ही भावांचे तिला फोन आले. मी बाहेरच्या खोलीत पेन्सिलींना टोकं काढत होतो. फोन झाल्यावर ती बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

"दादा म्हनते, भाऊबीजेले सकाळी ये. जगदेव म्हनते, संध्याकाळी ये. एकाजागी बसत नाई म्हनतेत."

मी म्हटलं, "मग दोनदा ओवाळ. ओवाळणीही दोनदा."

मी हे हसत म्हटलं आणि म्हणताच कळलं की म्हणायला नको होतं.

"बाबा गेले तवा तिसरा हिस्सा माहा होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी हक्कसोड लिहून देली. नांगराचं एक तास बी इकडचं ठेवलं नाई, एक बी तिकडचं नाई. तवा दोघायनं सांगतलं, बेबी, भाऊबीजेले दोघं एका ओळीत बसू, तू जिती हाय तोवर. माह्या वाट्याले माहेरचं तेवढंच हाये. अन् तुमी पेनशिलीनं तेही मोडून ठेवलं."

ती उठून आत गेली. मी टोक काढलेल्या पेन्सिली पाहत बसलो. आजवर सासुरवाडीच्या वादात मी कोणाच्याच बाजूला नव्हतो, आणि त्यामुळे मला एक गोष्ट कधी दिसलीच नव्हती. धुऱ्याला दोन बाजू नव्हत्या, तीन होत्या. तिसऱ्या बाजूला माझ्या घरात राहणारी बाई उभी होती.

मी गटात लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सराव न टाकता नुसती अडचण टाकली. चित्र कसं दुरुस्त करू की दोघांनाही पटेल? वैभवीने लिहिलं, अगदी मधून काढा. रंजीताने लिहिलं, शेतच काढू नका, काका, आमच्या म्हशी काढा. मदनसिंग सरांचा आवाजी निरोप आला. मी तो मोठ्याने लावला. "चित्रात काईच चूक नाई, साहेब. पाहनारे घरी बसून पाहून राह्यले. तुमी जिथं बसले होते तिथं त्यायले बसवा. मंग सांगा म्हनावं काय दिसते ते."

आत भांड्यांचा आवाज थांबला. बेबी दारात आली. "पुन्हा लावा ते," म्हणाली. मी लावलं. तिने पदराला हात पुसले आणि फोन मागितला. माझ्यासमोर तिने दोन्ही भावांना एकच निरोप दिला, की भाऊबीजेच्या दिवशी दुपार कलल्यावर वावरात या, आमचे साहेब धुऱ्यावर उभे राहून आपली चूक कबूल करणार आहेत. दोघांनीही लगेच होकार दिला. मोजणी खात्यातला जावई माफी मागताना पाहायला मिळतो, तर कोण घरी बसेल?

उकंडराव उजव्या बाजूने आले, जगदेव डाव्या. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे नाही. मी दोन्ही चित्रं हातात घेऊन उभा होतो आणि माफीची वाक्यं मनात जुळवत होतो. बेबी एक पिशवी सांभाळत धुऱ्यावर पुढे जाऊन उभी राहिली.

"आधी पाहून घ्या," ती म्हणाली. "दादा, हे बसले होते तिथं बस. उजव्या कडेले."

उकंडराव बसले. मी पहिलं चित्र हातात दिलं आणि एक डोळा मिटायला सांगितलं. त्यांनी मिटला. बराच वेळ कागद वर-खाली करून पाहिला.

"इथून धुरा वाकडाच दिसते," ते म्हणाले.

"उठ, मले पाहू दे," जगदेव म्हणाला. अनेक वर्षांत त्याने भावाशी बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य.

"मी काहून उठू? तिकडं जागा हाये की."

जगदेव डाव्या कडेला बसला. मी दुसरं चित्र दिलं. त्यानेही डोळा मिटला. सोयाबीनच्या काढलेल्या रानावरून वारा येत होता आणि दोन पिकल्या मिशांचे शेतकरी एकेक डोळा मिटून पूर्वेकडे पाहत बसले होते.

"हो," जगदेव म्हणाला. "वाकडाच दिसते."

"मंग भाऊजीची चूक काय झाली?" उकंडरावांनी विचारलं.

"बाण," जगदेव म्हणाला. "बाण चुकला म्हनतेत."

बाणाची बातमी रिठदपर्यंत पोहोचली होती. मी मान खाली घातली, आणि खाली पाहत असतानाच कळलं की मेहुणे बसलेत तसेच बसून आहेत, एका ओळीत, पूर्वेकडे तोंड करून, थोरला उजव्या हाताला. बेबीने पिशवीतून ताट काढलं.

"उठू नका," ती म्हणाली. "बसलेच हा तर बसा."

उकंडराव थोडे उठल्यासारखे झाले आणि मग तिच्याकडे पाहून खाली बसले. तिने काडी ओढली, निरांजन लावलं, वाऱ्याने विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. तिसऱ्या वेळी जगदेवने डावीकडून हात आडवा धरला. वारा उजवीकडूनही येत होता. उकंडरावांनी जरा वेळ पाहिलं आणि आपलाही हात धरला. मग ज्योत सरळ राहिली. बेबीने दोघांना ओवाळलं. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते पुसले नाहीत, कारण हातात ताट होतं.

माफी पाहायला आलेले दोघंही हात हलवत आले होते. ओवाळणीला टाकायला काही नव्हतं. उकंडरावांनी बसल्या जागेवरून वाकून आपल्या बाजूच्या तुरीची एक फुललेली डहाळी मोडली आणि ताटात ठेवली. जगदेवने आपल्या बाजूची मोडली, ती जरा मोठी निघाली. उकंडरावांनी लगेच आणखी एक मोडली. बेबी म्हणाली, "पुरे. वावर मोडता काय आता?"

मी त्यांच्या मागे, उकंडरावांच्या पाठीकडच्या बाजूला, गाडरस्त्यावर मातीतच बसलो होतो. पँटची काळजी केली नाही. समोर दोन पाठी, त्यांच्या पलीकडे ताट धरलेली बेबी, आणि दोन्ही शेतांच्या तुरीच्या ओळी लांब जाऊन तिच्या मागे कुठेतरी एक होत होत्या. मी काढत गेलो. रेष थरथरत होती, पण या वेळी मी तिला काही म्हटलं नाही.

गोष्ट इथे गोड झाली असं कोणी समजू नये. दोन्ही हरकती कार्यालयात तशाच आहेत, धुराही तिथेच आहे. दिवाळीनंतर उकंडरावांचा फोन आला, की पाठमोरं काहून काढलं, तोंड दिसत नाही. जगदेवचा आला, की चित्रात दादा मोठा दिसतो. मी म्हटलं, "ते माझ्या जवळ बसले होते, म्हणून." यावर तो म्हणाला, "मंग असू द्या."

गटात रंजीताने लिहिलं, बोटं वांग्यासारखी आली आहेत. वैभवीने पाठींना चांगलं म्हटलं. मदनसिंग सरांनी एकच लाल रेघ मारली होती, ताटाभोवती. बाकी सगळं मी जमिनीवर बसून काढलं होतं, पण ताट मात्र सवयीने वरून काढून बसलो होतो, पूर्ण गोल, आत निरांजन, कुंकवाचा करंडा आणि तुरीच्या तीन डहाळ्या. सरांनी लिहिलं होतं, "बसून पाह्यलं तर ताट असं गोल दिसत नाई, साहेब. चपटं करा."

मी खोडरबर घेतलं. बेबी मागे उभी राहून वाचत होती.

"राहू द्या," ती म्हणाली.

"चुकलंय ते. नकाशासारखं झालंय."

"म्हनूनच म्हनते. ताट माह्या वाट्याचं हाये. ते पक्कंच असू द्या." मग तिने पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली. "अन् खाली सही करा. बाण बी काढा."

मी सही केली. मग तो गाडरस्ता, तो दगड आणि मी बसलो होतो ती मातीची जागा आठवली, आणि सावकाश बाण काढला. या वेळी डावीकडे.